एकच लेन्स, केवढाले भाव!

हातातली कामं बाजूला टाकून लिहायला बसले आहे, कारण हे कधी एकदा सगळ्यांना सांगते असं झालंय. ऑपरेशनचा भाव आधी विचारता येतो. चक्क फोनवर! आणि विचारला की सांगतात!

अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. इथे पुण्यात घराजवळच्या हॉस्पिटलात काउन्सेलर मॅडमनी एस्टिमेट हातात दिलं: फेको पद्धतीचं ऑपरेशन, फोल्डेबल लेन्स, सकाळी या, दुपारी घरी, 52,000 रुपये. अशा आकड्याला आपल्या घरांत ‘बरं’ एवढंच उत्तर असतं. त्याच रात्री मिरजेहून नणंदेचा फोन. तिच्या सासूबाईंचं हेच ऑपरेशन नुकतं झालेलं. “वहिनी, आमचे सगळे धरून एकोणीस हजार झाले गं!”

लेन्स साधी असेल, असंच कुणालाही वाटेल. मी तिच्याकडून डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागवला, आणि काय सांगू! कार्डाच्या कोपऱ्यात एक बोटभर स्टिकर होतं. लेन्सच्या खोक्यातच ही स्टिकर्स येतात, त्यातलं एक पेशंटच्या कार्डावर लावतात. कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, लेन्सची पॉवर, सगळं त्यावर छापलेलं. जन्मभरासाठी डोळ्यात बसवलेली वस्तू नेमकी कोणती, ते तिथे लिहिलेलं असतं! आमचं एस्टिमेट शेजारी ठेवलं. तेच मॉडेल. अक्षर न् अक्षर तेच.

मग मला चेवच आला. पुण्यातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलांना फोन लावत सुटले. पहिला प्रश्न सगळीकडे ठरलेला: “कॅश की मेडिक्लेम?” एका ठिकाणी तर दोन्हींचे दर वेगळे आहेत, असं सरळ सांगितलं. कुठे 24,000, कुठे 28,000, कुठे 34,000. पण 34,000 म्हणणाऱ्यांना खोदून विचारलं, तर लेन्सची पॉवर काढायची बायोमेट्री, रक्ताच्या तपासण्या, ईसीजी आणि थेंब धरून आकडा 39,000 वर गेला. म्हणून आता माझं वाक्य पाठ झालंय: “फेको, अमुक मॉडेलची लेन्स, एक डोळा, कॅश, तपासण्या, थेंब आणि नंतरच्या व्हिजिट धरून किती?” या एका वाक्याने पलीकडच्या माणसाचा सूरच बदलतो. नुसतं “मोतीबिंदूचे किती घेता?” विचारलं तर उत्तर येतं, “आधी दाखवून जा.”

त्यातच कळलं की आपल्या राज्यात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम जानेवारी 2021 मध्ये सुधारले आहेत. हॉस्पिटलने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे! मी मुद्दाम एका ठिकाणी जाऊन पाहिलं. रिसेप्शनच्या मागे, कॅलेंडरशेजारी, फ्रेम केलेलं दरपत्रक. भरती शुल्क, खाटेचा रोजचा दर, डॉक्टरांची व्हिजिट, भूल, ऑपरेशन थिएटर. उभ्या उभ्या सगळं वाचून काढलं. सिस्टरनी विचारलं, “काही हवंय का?” म्हटलं, “हेच हवं होतं!”

लेन्सची कथा तर त्याहून भारी. डॉ. जी. वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर, 1976 मध्ये, मदुराईत अवघ्या 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. पुढे परदेशी लेन्स गरिबांना परवडेनात, तर 1992 मध्ये ऑरोलॅब नावाचा स्वतःचा लेन्सचा कारखानाच काढला! शंभर डॉलरच्या आसपास असणारी लेन्स त्यांनी दहा डॉलरच्या घरात आणून ठेवली. हे वाचून अक्षरशः अंगावर काटा आला.

स्वस्त तेच घ्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. सर्जनचा हात, थिएटरची स्वच्छता, रात्री डोळा दुखला तर फोन कोण उचलणार, यांचंही मोल आहेच. आम्ही 28,000 वाल्यांकडे गेलो, कारण तिथल्या डॉक्टरांनी स्वतः कागदावर मांडून दाखवलं: लेन्सचे इतके, थिएटरचे इतके, माझी फी इतकी. शिवाय हमरस्त्यावरच्या जागेचं भाडं आणि फेको मशीनचे हप्ते भावात कसे येतात, तेही. पैसे कुठे जातात हे कळलं की द्यायला काही वाटत नाही.

अप्पा आता चष्मा न लावता बसची पाटी वाचतात. आणि मी पुढच्या कामाला लागलेय! शेजारच्या काकूंना गुडघा बदलायला सांगितलाय. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमतीवर सरकारने ऑगस्ट 2017 मध्येच मर्यादा घातली आहे, हृदयाच्या स्टेंटवर तर त्याच वर्षी फेब्रुवारीत. “काकू, इम्प्लांटची कंपनी, मॉडेल आणि किंमत वेगळी लिहून मागा,” एवढं त्यांना सांगून ठेवलंय. दोन एस्टिमेट आलीत, तिसरं उद्या येतंय.