चौकट जुनी, फुलं यंदाची

शरदातल्या फुलांच्या रचनेत काय कायम ठेवायचं आणि काय दरवर्षी नवं आणायचं, हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता ‘पर्यावरणपूरक’ म्हणून मिरवणं पोकळ आहे. माझं मत पक्कं आहे: चौकट कायमची असावी, फुलं-पानं-फळं त्या त्या वर्षाची. हल्ली नेमकं उलट चालतं. टिकावीत म्हणून फुलं प्लॅस्टिकची घेतात आणि त्यांना धरून ठेवणारा फोम, तार, थर्माकोल मात्र एका समारंभात संपतो.

हे मत कोकणातल्या माटवीवर उभं आहे. मुंबईत वडाळा, नायगाव, परळ, लालबागच्या चाळींत कोकणी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यामुळे इथे माटवी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगायची आणि तिला रानातला, परसातला हंगामी माल बांधायचा. गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात. लालबुंद कवंडळं, शेरवडाची पांढरी पानं, तेरडा, सुपारीची शिपटी, नारळ, तवसं असं सगळं तिच्यावर येतं. बांधायला केवणीच्या सालीचा दोर वापरतात. विसर्जनानंतर माल उतरतो आणि चौकट पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जाते. यात नुसती श्रद्धा नाही, रचनेची पक्की समज आहे. नारळासारखं जड फळ पट्ट्यांच्या सांध्याशी येतं, हलकी पानं मधल्या अंतरात. प्रत्येक वस्तू वेगळी बांधलेली असल्यामुळे एक सुकली तर तेवढीच काढता येते. फोममध्ये खोचलेल्या पुष्परचनेत ही सोय नसते. दांडी एकदा उपसली की तिथलं भोक पुन्हा नीट धरत नाही.

माटवी भाद्रपदातली. आश्विनात माल बदलतो, पद्धत तीच राहू शकते. शरद म्हटल्यावर तांबड्या-नारिंगी मेपल पानांची प्लॅस्टिकची वेल घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की मुंबईतला शरद पानगळीचा नाही. इथली झाडं पानं टाकतात ती साधारण माघ-फाल्गुनात. आश्विन हा दाणा भरण्याचा काळ आहे. रायगड-पालघरकडे भात पिवळा पडतो, रानात कुर्डूचे रुपेरी-गुलाबी तुरे उभे असतात, दादरच्या फूलबाजारात झेंडू आणि शेवंतीचे ढीग लागतात. कोकणात दारावर ‘नवं’ बांधतात, त्यात भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुर्डू, झेंडू एकत्र येतात. लोंब्या आणि कुर्डू सुकूनही रूप राखतात. झेंडू दोन-तीन दिवसांत मावळतो, म्हणून बदलायचा भाग तेवढाच. झेंडूही मूळचा इथला नाही, मेक्सिकोकडून आला. शेतात रुजला, दारावर चढला आणि आपला झाला. म्हणजे परकेपणाला माझा विरोध नाही. जे इथे उगवत नाही, कुजतही नाही, त्याला आहे.

भांड्यातल्या रचनेसाठी फोमशिवाय भागत नाही, असं व्यवसायातले अनेकजण सांगतात. हा हिरवा फोम 1954 साली अमेरिकेत आला; म्हणजे त्याआधी फुलं भांड्यांत उभी राहत होतीच. तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लॅस्टिक आहे. चुरला की बारीक कण होऊन पाण्याबरोबर मोरीत जातो. मेलबर्नच्या आर.एम.आय.टी. विद्यापीठातल्या संशोधकांना हे कण जलचरांच्या पोटात जात असल्याचं आढळलं. शिवडीच्या चिखलातून फ्लेमिंगो अन्न गाळून खातात, त्या किनाऱ्याला लागून राहणाऱ्यांनी ही गोष्ट मनाला लावून घ्यावी. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत फोम बंद केला, आणि तिच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनाची भव्य मांडणी त्यावाचून अडली नाही. इकेबाना या जपानी पुष्परचनेतली पितळी खिळ्यांची बैठक एकदा घेतली की कित्येक वर्षं पुरते. तेवढा खर्च नको असेल तर तांब्याच्या तोंडात जाळीचा चुरगळलेला गोळा बसवा, किंवा डहाळ्यांचे तुकडे आडवेउभे अडकवा; दांड्या छान उभ्या राहतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी मात्र रोज बदलावं लागतं आणि दांडी तिरपी कापून घ्यावी लागते. हे कष्ट आहेत, ते टळत नाहीत.

‘प्लॅस्टिकचं फूल पुन्हा वापरता येतं, मग ते का वाईट?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्यात कापड, प्लॅस्टिक, तार आणि गोंद असं एकमेकांत चिकटलेलं असतं, म्हणून पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात त्याला जागा नाही. उन्हाने रंग उडाला की ते फेकलं जातं. शिवाय खऱ्या फुलामागे शेतकरी, हमाल, हार ओवणाऱ्या बायका अशी माणसांची साखळी आहे. तिचं पोट प्रत्येक प्लॅस्टिकच्या माळेने थोडं कापलं जातं.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे: निसर्गातून घेणं म्हणजे ओरबाडणंच. हा मला मान्य आहे. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या मोडून आणतात आणि पुष्कळदा आपट्याच्या नावाने कांचनाची पानं खपतात. म्हणून रचनाकाराने पिकवलेलं, छाटलेलं किंवा गळून पडलेलंच घ्यावं. गुलमोहराच्या वाळक्या शेंगा, नारळाची पोय, करवंट्या मुंबईत रस्त्याकडेला, वाड्यांत पडलेल्या मिळतात. खाडीकाठच्या कांदळवनाला तर हातच लावू नये.

राहिला जागेचा प्रश्न. दहा बाय बाराच्या खोलीत चौकट ठेवायची कुठे? बांबूचं कडं किंवा चार पट्ट्यांची सुटी होणारी चौकट भिंतीवरच्या एका खिळ्यावर राहते. प्लॅस्टिकच्या माळांच्या खोक्याहून तिला कमीच जागा लागते.

यंदा घट बसण्याआधी एक चौकट करून घ्या. दादरला जाताना कापडी पिशवी न्या, झेंडू सुटा घ्या, तो सुतळीत किंवा केळीच्या सोपात ओवा. तार वापरू नका. दसऱ्यानंतर फुलं निर्माल्य कलशात टाका आणि सुतळी सोडवून पुढच्या वर्षासाठी चौकटीलाच गुंडाळून ठेवा.