आटे

अब्बांनी 1996 साली हप्त्यांवर घेतलेली चेतक त्यांच्या माघारी माझ्याकडे आली. गेल्या पावसाळ्यात ती महिनाभर अंगणातच उभी होती. नंतर सुरू व्हायची, पण गचके द्यायची. प्लग साफ करावा म्हणून एका रविवारी पाना लावला, तर प्लग हलेना. मी पान्याला लोखंडी नळी अडकवली आणि सगळा जोर लावला. कर्र असा आवाज झाला आणि प्लग निघाला. पाहतो तर त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमची चकाकती चुरी अडकलेली. हेडमधले आटेच बाहेर आले होते.

अम्मी दारातून म्हणाली, "तेरे अब्बा उसे बच्चे के सरका रखते थे."

स्कूटर ढकलत गॅरेजवर नेली. तिथला तरुण मिस्त्री हात पुसत पुढे आला. "सलाम, सर." मी ओळखलं आणि मनातून चरकलो.

दहा वर्षांपूर्वी मी नुकताच बी.एड. होऊन सोलापुरात उर्दू शाळेत लागलो होतो. हा सहावीत. घरी दखनी, शाळेत उर्दू. मराठी कानावर पडायची ती फक्त माझ्या तासाला. वाचताना अडखळायचा. मी त्याला रोज उभा करायचो, परिच्छेद संपेपर्यंत बसू द्यायचो नाही. वर्ग हसायचा. दिवाळीच्या सुटीनंतर तो आलाच नाही. हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा मारून मी मोकळा झालो.

त्याने प्लग बोटांत फिरवला. "जोर लावला ना, सर?"

मी गप्प.

"हेड अॅल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. ओल लागली की एकमेकांना धरून बसतात, त्यात कार्बन. अॅल्युमिनियम मऊ, म्हणून आटे त्याचेच जातात. आधी इंजिन कोमट करायचं. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड ढिली होते. बुडाशी तेल सोडून रात्रभर मुरू द्यायचं. मग थोडा सोडायचा, अडला की परत आवळायचा, पुन्हा तेल. घाई करायची नाही."

तो अस्खलित मराठीत बोलत होता. "हे मराठी कुठं शिकलास?"

"गिऱ्हाइकांशी बोलून. इथं चुकलं तर कोणी हसत नाही."

त्याने हेड उतरवलं. भोक वाढवून टॅपने नवे आटे पाडले. टॅप अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे; मध्येच तेल. मग त्यात पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवली. तिच्या आत प्लगच्या मापाचे आटे होते, 14 मिलिमीटरचे. हेड चढवल्यावर नवा प्लग त्याने नुसत्या बोटांनी आत फिरवला. "बोटानं जात नसेल तर वाकडा चाललाय समजायचं. पाना शेवटी. वायसर टेकल्यावर अर्धा वेढा, बस."

स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. पैसे देताना मी म्हणालो, "तेव्हा मी तुझ्याशी..." पुढचे शब्द सापडेनात. मीच अडखळत होतो, आणि तो थांबून माझ्याकडे पाहत होता, हसत नव्हता.

"जाने दो, सर," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "धाकटा भाऊ यंदा पाचवीत आलाय तुमच्याकडं. मराठी कच्चं आहे त्याचं."

सोमवारी पाचवीच्या तासाला मी त्या मुलाला उभा केला नाही. बाकावर त्याच्या शेजारी बसलो, पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवलं. पहिल्याच ओळीत तो अडला. मी वाट पाहिली.