जुळवून कोणी घ्यायचं?

‘जरा जुळवून घे’ हे आपल्याकडे कायम नव्यानं आलेल्यालाच ऐकवतात. सासरी आलेल्या मुलीला, होस्टेलवर सोडलेल्या पोराला, बदली होऊन आलेल्या माणसाला. घर, होस्टेल, ऑफिस मात्र होतं तसंच राहतं. मासे पाळायला लागल्यापासून मला हे वाक्य खटकायला लागलं.

पुण्यातल्या माझ्या वन आरकेमध्ये ६० लिटरची टाकी आहे. नीऑन टेट्रा आणायचे ठरवले, तेव्हा आधी ४ ते ६ आठवडे टाकी माशांशिवायच चालवावी लागली. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो त्यांनाच विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू एका रात्रीत येत नाहीत. म्हणून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खुराक मिळतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषधाचे थेंब घालून काढायचं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की मगच दुकानात जायचं.

मी ६ मासे एकदम आणले. टेट्रा थव्यानं राहतात, एकटादुकटा भेदरून जातो. घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद केला आणि बंद पिशवी तशीच २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली. दोन्हीकडचं तापमान एक झालं. मग पिशवी उघडून दर ५ मिनिटांनी अर्धी वाटी टाकीतलं पाणी तिच्यात घालत गेले. अर्ध्या तासानं मासे जाळीनं अलगद टाकीत सोडले. पिशवीतलं पाणी कुंडीत गेलं; दुकानातली घाण आणि रोग आपल्या टाकीत कशाला? त्या दिवशी खायला काही दिलं नाही.

टाकीत आधीचे मासे असतील, तर नव्यांना २ ते ४ आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवावं लागतं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल, तर तो तिथेच कळतो.

पण सावकाशपणा दर वेळी भल्याचा नसतो. कुरिअरनं दीड-दोन दिवस प्रवास करून आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो. माशांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे तो अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली, की तो वायू उडून जातो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशा वेळी तापमान जुळलं, की माशाला लगेच बाहेर काढायचं. त्या पाण्यात ताटकळत ठेवायचं नाही. म्हणजे नवा कुठून आला, किती वेळ कोंडलेला होता, हेही विचारावं लागतं.

दहावीनंतर मला लातूरला क्लाससाठी ठेवलं होतं. एका खोलीत चौघी, पहाटे ५ ला उठायचं, रात्री ११ पर्यंत अभ्यास. पहिल्या महिन्यात माझं वजन ४ किलोनं उतरलं. फोनवर आई म्हणायची, ‘जुळवून घे गं, सगळ्यांच्या पोरी राहतातच की.’ ती चुकीचं बोलत नव्हती, तिलाही कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. पण जेवण जातंय का, झोप लागते का, हे त्या होस्टेलमध्ये कुणी एकदाही विचारलं नाही. मासा सुस्त दिसला, की आपण आधी पाणी तपासतो. माणूस सुस्त दिसला, की त्यालाच तपासतो.

जूनमध्ये धाकटा भाऊ अकरावीसाठी माझ्याकडे येतोय. गावाबाहेर तो पहिल्यांदाच राहणार. मी कपाटाचे दोन कप्पे रिकामे केलेत, खिडकीजवळची जागा त्याच्या टेबलासाठी ठेवलीय. पहिले दोन दिवस नातेवाइकांकडे नेणार नाही, कॉलेजचं विचारणार नाही. झोपू दे हवं तितकं.

आईचा काल फोन आला होता. म्हणाली, ‘त्याला सांग, ताईशी जुळवून घे म्हणावं.’

म्हटलं, ‘आई, त्याला राहू दे. माझंच अजून थोडं आवरायचं बाकी आहे.’