नारायण, नहेम्या, अब्दुल्ला

बाप्तिस्मा घेताना जुने नाव टाकलेच पाहिजे, असा नियम बायबलमध्ये नाही. अब्रामाचा अब्राहाम झाला, शिमोनाला येशूने पेत्र म्हणजे खडक म्हटले. पण ती नावे एकेका माणसावर सोपवलेल्या कामाची होती. पौलाचा सहकारी अपुल्लोस याच्या नावात ग्रीकांचा देव अपोलो तसाच राहिला. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी, तिचे नाव तर चंद्रदेवतेचे बिरुद. अर्थ तेजस्वी, उजळ. रोमकरांना लिहिताना पौलाने तिची शिफारस त्याच नावाने केली.

नाव बदलूनही श्रद्धा टिकल्याचे एक उदाहरण बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगडाशी जोडलेले आहे. अकबराने या गडाला घातलेला वेढा जानेवारी १६०१ मध्ये संपला, तेव्हा शाही लवाजम्यात दोन जेझुइट होते. पहिले जेरोम झेवियर; त्यांच्या घराण्याचे आडनाव एझपेलेता. नात्याने आजोबा लागणाऱ्या फ्रान्सिस झेवियरांचे नाव त्यांनी भक्तीने धारण केले होते. दुसरे ब्रदर बेंतो द गोइस. त्याच वर्षी बादशहाच्या वकिलाबरोबर ते गोव्याला गेले आणि पुढे आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात खुष्कीच्या मार्गाने चीनकडे निघाले. त्या प्रवासात त्यांचे नाव होते अब्दुल्ला. बेंतो म्हणजे आशीर्वाद लाभलेला, अब्दुल्ला म्हणजे देवाचा दास. वेष बदलला, भाषा बदलली, तरी नाव खोटे झाले नाही. पौलही स्वतःला ख्रिस्ताचा दासच म्हणवतो. १६०७ मध्ये चीनच्या सीमेवर त्यांना मरण आले.

मराठी माणसांना नावाचा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात खरा जिव्हारी लागला. धर्मांतर म्हणजे घरादाराला मुकणे. मग आईबापांनी दिलेले नाव तरी ठेवावे की नाही? काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते नहेम्या झाले. जगाचे विष कंठात धरणारा तो नीळकंठ; ‘परमेश्वर सांत्वन करतो’ हा नहेम्याचा अर्थ. दोन्ही नावांत दुसऱ्याचे दुःख हलके करणे आहे, आणि गोरे हे आडनाव तर शेवटपर्यंत राहिले.

पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे मेरी रमा हे नाव मिळाले. पण १८८७ च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकावर नाव छापले गेले ते पंडिता रमाबाई सरस्वती. कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली पदवी आणि तिच्यातले विद्यादेवीचे नाव त्यांनी टाकले नाही. विद्येचा वारसा त्यांनी कष्टाने मिळवला होता; तो सोडण्याचे कारणही नव्हते.

सर्वांत बोलके उदाहरण टिळक दांपत्याचे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक नारायणच राहिले, वडिलांचे वामन हे विष्णूच्या अवताराचे नावही तसेच राहिले. लक्ष्मीबाई माहेरच्या मनू गोखले. लग्नाने त्यांचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. पुढे बाप्तिस्म्याने मात्र त्यांतले काहीच बदलले नाही. मराठी स्त्रीच्या बाबतीत नाव पुसण्याचे काम धर्मांतरापेक्षा विवाहानेच अधिक केले आहे, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य नारायणाने आरंभले आणि लक्ष्मीने पूर्ण केले. त्यांचा मुलगा घरी दत्तू, बाहेर देवदत्त. देवाने दिलेला! शुभवर्तमानकार मत्तयाच्या नावाचाही अर्थ जवळपास हाच.

नगरकडच्या प्रोटेस्टंट घरांत पुढे दोन्ही वाटा एकत्र नांदल्या. साळवे, गायकवाड, जाधव ही आडनावे कायम. त्यांच्याआधी शमुवेल, दाविद, रूथ किंवा करुणा, कृपा, आशा. ‘देव कृपाळू आहे’ असा अर्थ असलेले नाव नगरला मराठी बायबलातून योहान म्हणून आले, गोव्यात पोर्तुगिजांकडून जुवांव होऊन. वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीज सत्ता होती. तिथे डिब्रिटो, डिमेलो, लोपीस ही आडनावे त्या काळापासून आली आणि मराठी बोलणाऱ्या घरांत रुजली. कॅथलिकांमध्ये बाळाला संताचे नाव देण्याचा आग्रह जुना. १९१७ च्या धर्मसंहितेने ती जबाबदारी धर्मगुरूवर टाकली होती. १९८३ च्या संहितेत एवढेच उरले, की नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. त्यामुळे आईबापांनी निवडलेले मराठी नावही आता बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत संताच्या नावाच्या आधाराशिवाय लिहिता येते.