आमच्या वडिलांचे वकीलसाहेब

‘खरा मित्र’ हा निबंधाचा विषय आम्ही दरवर्षी वर्गात देतो. संकटकाळी धावून येतो तो मित्र, असे लिहून बहुतेक विद्यार्थी मोकळे होतात. उत्तर खोटे नाही. परंतु ते वाचताना आम्हांस एक निराळीच जोडी आठवते. तिच्यातील एकाने दुसऱ्यास मजुरी दिली, दुसऱ्याने ती घेतली, आणि हा व्यवहार चालू असतानाच ते दोघे मित्र झाले. मजुरी घेणारे आमचे वडील होते.

आमचे बालपण झरी जामणीच्या मुलखात, पैनगंगेच्या काठी गेले. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावलेली ही नदी पूर्वेकडे वाहत येऊन पुढे वर्धेस मिळते. पलीकडचा तीर त्या वेळी आंध्र प्रदेशात होता. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. आमच्याकडील बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी व कोलामीही कानी पडते. वडिलांपाशी एक लहानशी नाव होती. जाळ्यात सापडतील ते मासे विकावे, आणि गळाची हौस असलेला कोणी पाहुणा आला तर त्यास चांगल्या डोहावर न्यावे, हा त्यांचा उदरनिर्वाह.

त्या पाहुण्यांत वणीचे एक वकील होते. महिन्यातून दोनदा तरी ते येत. मजुरी चोख देत. परंतु वडिलांस नावाने कधी हाक मारीत नसत. ‘ए नाववाल्या’ एवढेच त्यांचे संबोधन. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो, आणि आमिषाच्या बेडक्यांचे मडके सांभाळीत नावेच्या टोकाशी बसत असू.

१९९० सालच्या जून महिन्यातील गोष्ट. मृगाचा पाऊस पडून गेला होता. काठाजवळच्या संथ पाण्यावर लालसर पिल्लांचा एक पुंजका वरखाली होत होता. वकीलसाहेब हर्षाने म्हणाले, “ए, नाव तिकडे घे. मरळ तेथेच आहे.”

त्यांचे अनुमान बरोबर होते. मरळ हा मासा पाण्याबाहेरची हवा घेतो. त्याची पिल्लेही थव्याने वर येतात, आणि खाली त्यांचे जन्मदाते राखण करीत फिरतात. पुंजक्याजवळ जे पडेल त्यावर राखणारी मरळ तुटून पडते. म्हणून त्या दिवसांत तिला धरणे अगदी सोपे. परंतु राखण गेली, की पिल्ले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

वडिलांनी वल्हे उचलून नावेत आडवे ठेवले. “साहेब, पिलावरच्या मायले आपण गळ नाही टाकत.”

“पैसे मी देतो. मी सांगेन तिकडे नाव जाईल.”

“पैसे नावेचे देता तुम्ही, साहेब. हे त्याच्यात नाही येत.”

वकीलसाहेब रागाने लाल झाले. नाव काठास लागताच ते उतरले आणि त्या दिवसाची मजुरी न देताच निघून गेले. पुढे दोन महिने ते फिरकले नाहीत. त्याच मजुरीतून आमच्या नव्या वह्या यावयाच्या होत्या. आम्ही जुन्या वह्यांच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर ते दिवस काढले. आणि आज कबूल करतो, आम्हांस राग आला तो वकिलांचा नव्हे, वडिलांचा.

पोळा झाल्यावर एके सकाळी वकीलसाहेब नदीवर आले. राहिलेली मजुरी त्यांनी पुढे केली, आणि नावेत पाय न ठेवता उभे राहून म्हणाले, “आज कोठे जावयाचे ते तुम्ही ठरवा.”

‘तुम्ही’ हा शब्द वडिलांसाठी त्यांच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकला. क्षमा मागणे झाले नाही, क्षमा करणेही झाले नाही. वडिलांनी वल्हे उचलले, एवढेच.

त्यानंतर वीस वर्षे ते येत राहिले. पुढे महाविद्यालयात असताना आम्ही तेनझिंग नोर्गे यांची हकिगत वाचली, तेव्हा आम्हांस ही नाव आठवली. १९५२ साली तेनझिंग स्विस मोहिमेबरोबर एव्हरेस्टवर गेले. त्यांचे सोबती रेमंड लँबर्ट. दोघांस एकमेकांची भाषा जेमतेम चार शब्द येई. तरी २८ मे रोजी सुमारे ८,६०० मीटरपर्यंत दोघे बरोबरीने चढले व बरोबरीने माघारी वळले. दुसऱ्या वर्षी, २९ मे १९५३ रोजी, तेनझिंग हिलरींसह शिखरावर पोचले, तेव्हा त्यांच्या गळ्यात लँबर्ट यांनी दिलेला तांबडा रुमाल होता. वाट दाखविणाऱ्याच्या मनात असे स्थान द्रव्याने मिळत नाही.

वृद्धापकाळी वकीलसाहेबांची दृष्टी मंदावली. गळ टाकवेना, तरी नावेत येऊन बसत. एकदा वडिलांनी मजुरी घेण्याचे नाकारले. “आता कायचे पैसे, साहेब? घरोबा झाला आपला.”

साहेब म्हणाले, “मैत्री तुमची नि माझी. मजुरी तुमच्या श्रमाची. एकीपायी दुसरी बुडवू नका.”

वडील क्षणभर थबकले. मग त्यांनी पैसे घेतले.

२०११ साली वकीलसाहेब वारल्याची वार्ता आली. त्या दिवशी वडील जाळे न घेता एकटेच डोहावर गेले व अंधार पडल्यावर परतले. आम्ही काही विचारले नाही. जेवताना तेच म्हणाले, “लय जणांले मासे दाखवले म्या. नाही म्हटल्यावर वापस आला, असा हा एकच.”

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण पुढे मजुरी देणारे व्हाल. तुमच्यापुढे नावाडी असेल, गवंडी असेल, शेतावरचा गडी असेल. त्याचे दाम चोख द्या, हे तर कोणीही सांगेल. त्याच्या कामातले तुमच्यापेक्षा त्यास अधिक कळते, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर त्यास काही कारण असेल, हेही ध्यानात असू द्या. रागावून निघून गेलात, तरी परत या. नाव काठालाच बांधलेली असते.