टाळेबंदीच्या वर्षात पाहिलेले, खेळलेले

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आणि त्यानंतर २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून लागू झालेली टाळेबंदी यांविषयी प्रशासकीय अंगाने पुष्कळ लिहून झाले आहे. आदेश, परिपत्रके, पास, अन्नधान्यवाटप, स्थलांतरित मजूर या प्रत्येक विषयावर अहवाल निघाले. आज मी त्या वर्षाच्या ज्या बाजूविषयी लिहिणार आहे, तिची कोणत्याही अहवालात नोंद नाही. ते वर्ष घरात काढताना आपण काय पाहिले आणि काय खेळलो, एवढाच हा विषय आहे. तो हलका वाटेल. परंतु मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे, करमणुकीला लागणारा वेळ कोणाच्या पदरात पडतो आणि त्याची किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न मला सोडता येत नाही.

माझे ते वर्ष भिलाईत गेले. हृदयाच्या जुन्या तक्रारीमुळे मला घरून काम करण्याची मुभा मिळाली होती. फाइली ई-ऑफिसवर येत, बैठका पडद्यावर होत. पगार वेळेवर होत असे. महागाई भत्त्याचे तीन हप्ते, म्हणजे १ जानेवारी २०२० पासूनचे अठरा महिने, गोठवले गेले म्हणून आमच्या वर्गात बरीच कुरकुर झाली. पण ज्यांचा रोजगारच गोठला होता त्यांच्यासमोर ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी भिलाईविषयी थोडे सांगतो. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे येथील मराठी माणसाला आपण परप्रांतात आलो असे पूर्णपणे कधी वाटत नाही. असो. सांगायचा मुद्दा असा की, हे गाव बंद करता येत नाही. कोक भट्ट्यांच्या आतील सिलिकाच्या विटा थंड पडल्या तर तडकतात. झोतभट्टीही दुकानाच्या शटरप्रमाणे खाली ओढता येत नाही. म्हणून टाळेबंदीच्या पहिल्या दिवशीही टाउनशिपमधून पाळीला जाणारी माणसे सायकली आणि स्कूटर काढून निघालीच. माझ्या खिडकीतून ती दिसत. मी आत बसून रामायण पाहत असे.

होय, रामायणच. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागरांची मालिका सकाळी आणि रात्री पुन्हा दाखवायला घेतली. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला, असा दूरदर्शनचा दावा होता. १९८७ मध्ये आम्ही नागपूरला महालातल्या वाड्यात राहत असू, तेव्हा वाड्यात एकच दूरचित्रवाणी संच होता आणि रविवारी सकाळी त्याच्यासमोर तीस-चाळीस माणसे दाटीवाटीने बसत. २०२० मध्ये आई माझ्याकडे होती, वय ८३. तिने तिसऱ्या दिवशी टीव्ही बंद करायला सांगितला. "माणसांशिवाय हे बघवत नाही रे," एवढेच ती म्हणाली. ७.७ कोटींच्या आकड्यात तिची गणना झाली की नाही, देव जाणे.

महाभारत मात्र तिने नेटाने पाहिले. त्याचे कारण वेगळे होते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई म्हणजे पांडवानीचे सर्वांत मोठे नाव. त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीही केली होती आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. बायकांनी पांडवानी बसून गावी असा दंडक असताना त्यांनी पुरुषांची उभ्याने गाण्याची कापालिक शैली उचलली. हातातला तंबुरा घटकेत भीमाची गदा होतो, घटकेत अर्जुनाचे धनुष्य. दुपारी चोप्रांचे महाभारत आणि संध्याकाळी मोबाइलवर तीजनबाईंची ध्वनिचित्रफीत, असा आईचा क्रम ठरला. छत्तीसगढी तिला निम्मीच कळे. तरी तिचा कौल स्पष्ट होता: मुकुटांपेक्षा तंबुरा बरा. मलाही तो पटला.

आता माझ्या व्यवसायाला लागून असलेल्या गोष्टी. ३ एप्रिल २०२० रोजी 'पंचायत' ही मालिका आली. अभियंता झालेला एक शहरी तरुण दुसरी नोकरी न मिळाल्याने उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावात पंचायत सचिव होतो आणि पंचायतीच्या कार्यालयातच मुक्काम ठोकतो, एवढेच कथानक. खून नाही, पाठलाग नाही. सौरदिवे कोणत्या घरासमोर लावायचे यावर एक संपूर्ण भाग खर्ची पडतो. तो मी दोनदा पाहिला. जिल्हा पातळीवर 'लाभार्थी निवड' या दोन शब्दांत जे आटोपते, ते गावात किती माणसांच्या मानापमानातून जाते, हे एवढ्या नेमकेपणाने मी कोणत्याही प्रशिक्षणवर्गात ऐकलेले नाही. चाके असलेल्या खुर्चीवरून उडणारा खटका तर प्रत्येक सरकारी कार्यालयाला ठाऊक आहे. पदाची उंची आणि खुर्चीच्या पाठीची उंची यांचा संबंध आपल्याकडे अलिखित, पण पक्का आहे.

परंतु या मालिकेचा खरा विषय प्रधानपद आहे. निवडून आलेल्या मंजूदेवी, कारभार पाहतात त्यांचे पती. ७३ व्या घटनादुरुस्तीने महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या. छत्तीसगडने २००८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. कागदावर काम चोख झाले. आणि तरीही एका बैठकीत एका गृहस्थांनी उभे राहून स्वतःची ओळख 'सरपंचपती' अशी, जणू ते घटनात्मक पद असावे अशा सहजतेने करून दिलेली मी ऐकली आहे. सभागृहात कोणी हसले नाही, कारण कोणाला ते विचित्र वाटले नाही. मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस मंजूदेवी प्रजासत्ताक दिनासाठी राष्ट्रगीत पाठ करतात. नीना गुप्ता यांनी त्या प्रसंगात जो संकोच आणि जी जिद्द दाखवली आहे, ती पाहून आई म्हणाली, "आता हिला सही करायला कोणी अडवू शकणार नाही." मला तितकी खात्री नाही. पुढच्या पर्वांवर मी येथे लिहीत नाही. ती टाळेबंदीनंतरची आहेत.

'न्यूटन' हा चित्रपट २०१७ चा. मी तो त्या वर्षी घरी बसून पुन्हा पाहिला. अमित मसुरकरांनी तो दल्ली राजहराच्या परिसरात चित्रित केला. भिलाईच्या भट्ट्यांना वर्षानुवर्षे लोहखनिज पुरवणारे हेच दल्ली राजहरा. ज्या जंगलातून आमच्या गावचे पोलाद येते, त्याच जंगलात हा निवडणूक कर्मचारी ७६ मतदारांसाठी मतदान यंत्र घेऊन जातो. मी निवडणूक निरीक्षक म्हणून काम केले आहे, त्यामुळे पडक्या शाळेत मांडलेले ते मतदान केंद्र, मोजून ठेवलेले साहित्य, मतदारांची वाट पाहण्यातला कंटाळा हे सारे मला परिचयाचे. बहुतेक समीक्षक न्यूटनच्या प्रामाणिकपणावर लिहितात. मला अधिक अस्वस्थ केले ते पंकज त्रिपाठींच्या आत्मा सिंग या अधिकाऱ्याने. तो खलनायक नाही. आपली माणसे जिवंत परत न्यायची आहेत, हे त्याचे कर्तव्यच आहे. दोन कर्तव्ये एका ठिकाणी समोरासमोर येतात आणि नियमपुस्तिका गप्प बसते, तेव्हा न्यूटन बंदूक उचलतो. तेथे मी त्याच्याशी सहमत नाही. मतदान घडवण्यासाठी बंदूक रोखणारा कारकून हा हसण्याचा विषय खरा, पण ते हसू घशाशी अडकते.

त्याच्या शेजारी उमेश कुलकर्णींचा 'वळू' (२००८) ठेवावा. गावातला एक बैल पकडायला वनाधिकारी बोलावला जातो, आणि अतुल कुलकर्णींचा तो अधिकारी हळूहळू गावाच्याच राजकारणात पकडला जातो. दौऱ्यावर गेलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो पाहावा. अधिक लिहीत नाही.

'स्कॅम १९९२' ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि तिने मला थेट विद्यार्थिदशेत नेले. २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांची स्टेट बँकेच्या पैशांविषयीची बातमी छापून आली, तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या परीक्षेच्या तयारीत होतो. आमच्या पुस्तकांत भांडवल बाजार हा पुरवठा-मागणीच्या दोन रेषांचा छेदनबिंदू होता. प्रत्यक्षात तो बँक पावत्यांचा खेळ होता: रोखे हातात नसताना त्यांच्या नावाने पावती, पावतीवर पैसा, पैशावर शेअर. रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयात रोख्यांच्या नोंदी हाताने खतावणीत होत, आणि नोंद व्हायला लागणाऱ्या विलंबात सारा व्यवहार आटोपत असे. जानकीरामन समितीने हा घोटाळा सुमारे ४,०२४ कोटींचा ठरवला. मालिकेविषयी माझी एक तक्रार आहे. हर्षद मेहतांच्या पात्राला तिने जे संगीत आणि जी वाक्ये दिली आहेत, ती कारकुनाच्या खतावणीला दिली नाहीत. वास्तविक पुढे जे शिकायचे ते खतावणीतून शिकायचे होते, आणि आपण ते शिकलो: १९९६ पासून शेअर कागदावरून संगणकात गेले. प्रशासनातील सुधारणा दिसायला अशाच नीरस असतात.

खेळांकडे वळतो. आमच्याकडे बदाम सात आणि मेंढीकोट हे घरगुती परंपरेने चालत आलेले. पण मेंढीकोटाला चार माणसे लागतात आणि आम्ही तिघे. म्हणून लुडो. नवी मुंबईतल्या एका कंपनीने काढलेला लुडो किंग त्या वर्षी घरोघरी पोचला. लुडो म्हणजे आपल्या पचिसीचेच विलायतेहून परत आलेले रूप. महाभारतात द्यूताचा प्रसंग चालू असताना आई मोबाइलवर फासा टाकत होती आणि शकुनीला नावे ठेवत होती.

आमच्या वरच्या मजल्यावर कोक भट्टीवर काम करणारे एक गृहस्थ राहतात. छत्तीसगढी, चाळिशीतले, दोन लहान मुले. पाळीहून आल्यावर ते वेगळ्या खोलीत राहत, ताट दाराशी ठेवले जाई. मुलांशी ते भिंतीपलीकडून मोबाइलवर लुडो खेळत. धाकटी आपली सोंगटी मेली की भिंतीवर मूठ आपटे. आम्हाला खाली ऐकू येई. हे कित्येक महिने चालले. त्या वर्षीच्या लुडोच्या लोकप्रियतेवर पुष्कळ लेख वाचले, पण हा आवाज त्यांपैकी एकातही नव्हता.

बुद्धिबळाचे सांगितल्याशिवाय हे टिपण पुरे होणार नाही. ३० ऑगस्ट २०२० रोजी पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडचा भारत-रशिया अंतिम सामना मी पूर्ण पाहिला. कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी, मुलींच्या पटावर नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख. दुसऱ्या फेरीत आंतरजालाचे जोडणीजाळे कोसळले आणि निहाल सरीन व दिव्या यांचा वेळ संपला. नियमाने रशिया जिंकला होता. भारताने दाद मागितली आणि फिडेने दोघांना संयुक्त विजेते ठरवले. अधिकारी म्हणून मला हा निर्णय फार आवडला. ज्या संकटावर खेळाडूचा ताबा नाही, त्याचा भार त्याच्यावर टाकू नये, हे तत्त्व आपल्या कार्यालयांत का मुरत नाही? सर्व्हर बंद म्हणून अर्जाची मुदत टळलेला माणूस आपल्याकडे अपात्र ठरतो. दिव्याने २०२५ मध्ये बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले.

२०२१ च्या ६ एप्रिलपासून दुर्ग जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली. ती लाट भयंकर होती. भिलाईचा कारखाना पोलादाबरोबर रुग्णालयांसाठी द्रवरूप प्राणवायू पाठवत होता, आणि त्याच आठवड्यांत वरच्या मजल्यावरचे आमचे शेजारी स्वतः प्राणवायूवर होते. भिंतीवरचा आवाज थांबला. मी त्या दिवसांत काहीही पाहिले नाही. आईने पत्त्यांचा जोड कपाटात ठेवून दिला. एकोणीस दिवसांनी ते घरी परतले आणि सव्वा महिन्याने पुन्हा पाळीवर गेले.

गेल्या दिवाळीत ते फराळाला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "साहेब, त्या वर्षी सगळे म्हणत होते की खूप चांगलं चांगलं पाहिलं. मी तर पाळीवर होतो. काय काय होतं ते लिहून द्या." हे टिपण त्या यादीपासून सुरू झाले. यादीत मी वरची सगळी नावे लिहिली आणि शेवटी श्याम बेनेगलांचा १९७५ चा 'चरणदास चोर' घातला. हबीब तन्वीर यांच्या नाटकावरचा हा चित्रपट छत्तीसगडच्या नटांना घेऊन केलेला, आणि त्यात राजकन्या झाली आहे आपली स्मिता पाटील, जी तोवर मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असे. गुरूला दिलेला खरे बोलण्याचा शब्द पाळणारा हा चोर अखेर त्या शब्दापायी जिवाला मुकतो.

महिन्याभराने जिन्यात भेट झाली. बाकीचे पाहायला वेळ मिळाला नव्हता, रात्रपाळ्या चालू होत्या. पण गावाहून आलेल्या आपल्या आईला त्यांनी चरणदास दाखवला होता. तिला शेवट मान्य नव्हता. चोराने एकदा खोटे बोलून जीव वाचवायला काय हरकत होती, असे तिचे म्हणणे होते, आणि त्यावर आमच्या दोघांच्या आया अजूनही गच्चीवर कपडे वाळत घालताना, एक छत्तीसगढीत आणि एक मराठीत, वाद घालत असतात.