कंसातली नावं

जयसिंगपुरात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं हे गाव आखून वसवलं, म्हणून रस्ते सरळ आणि कोपरे काटकोनात. अशा गावात वाढल्यामुळं असेल, मला वाकडंतिकडं काम बघवत नाही. कोड लिहितानाही तेच.

सॉफ्टवेअर लिहिणारे आपल्या कामाची वही ठेवतात. बहुतेकांची वही गिटमध्ये असते. लिनस टॉरव्हाल्ड्सनं ते २००५ च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं. त्याच पावसाळ्यात आमच्या शिरोळ तालुक्यात महापूर आला, त्यामुळं साल माझ्या लक्षात राहतं. वहीतली एकेक नोंद म्हणजे कमिट. कोणी, कधी, कुठल्या ओळी बदलल्या हे गिट आपणहून टिपतं. का बदलल्या, ते मात्र माणसानं लिहायचं असतं, आणि माणूस तिथं 'फिक्स' एवढं लिहून जेवायला जातो. मग 'फिक्स २'. मग 'आता नक्की'.

ही असली वही मला लाजिरवाणी वाटायची. म्हणून दोन-तीन आठवडे काम करायचं, पन्नासभर कमिट्स व्हायच्या, आणि शेवटी त्या सगळ्या दाबून एक करायची. याला स्क्वॉश म्हणतात. वही कशी स्वच्छ! एक नोंद, एक वाक्य, खाडाखोड नाही. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कधी चुकतच नाही.

गेल्या ऊस हंगामात त्या स्वच्छतेची किंमत कळली. एका खाजगी वजनकाट्यासाठी मी पावत्यांचा प्रोग्रॅम लिहिला होता. काटा पाच-पाच किलोंनी सरकतो. एका शेतकऱ्यानं काट्यावरचा आकडा वहीत टिपून ठेवला होता: निव्वळ वजन १२ टन ३४५ किलो. पावतीवर आलं १२.३४. पाच किलो गेले. पंधरा रुपयांच्या आसपासचा ऊस, पण दरवर्षी ज्या गावात ऊस परिषद भरते तिथं पाच किलोंनाही एकच शब्द आहे: काटामारी. काट्याच्या मालकाचा फोन आला. आवाज शांत होता, आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली. "हे तुम्ही मुद्दाम केलं नाही, हे मी लोकांना कशावरून सांगू?"

उत्तर वहीत असायला हवं होतं. चूक कुठं शिरली हे शोधायला गिटमध्ये बायसेक्ट नावाची सोय आहे. मधली कमिट तपासायची, बरोबर असली तर चूक पुढं, नसली तर मागं, मग उरलेल्यातली मधली. हजार कमिट्स असल्या तरी दहाएक पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. माझाही सापडला. एकच कमिट, एक्केचाळीस फायली, आणि मजकूर: 'पावती व अहवाल सुधारणा'. नाव अर्थात माझंच.

मला अंधुक आठवत होतं की कागद अरुंद म्हणून दोनच दशांश फक्त छपाईसाठी ठेवले होते. मग ती काटछाट छपाईतून साठवणुकीत कधी गेली? कशासाठी? त्या पन्नास नोंदींपैकी एखादीत ते असणारच. पण त्या मी दाबून टाकल्या होत्या. असे सुटलेले तुकडे गिट काही आठवडे सांभाळतं आणि मग टाकून देतं. माझ्या प्रामाणिकपणाचा पुरावा मीच नीटनेटकेपणाच्या हौसेपायी पुसला होता.

त्याच आठवड्यात अब्बांनी मला पीककर्जासाठी जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार काढायला लावलं. (आमच्याकडची जुनी कागदं २०१९ च्या पुरात भिजून लगदा झाली होती. गिटमध्ये प्रत्येकाच्या प्रतीत सगळा इतिहास असतो. आमच्या पेटीत एकच प्रत होती.) सातबारा मी आधीही पाहिला होता, वाचला कधी नव्हता. त्यात गेलेल्या माणसाचं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर येतो. २०२० च्या नव्या नमुन्यात कंसावर आडवी रेषही मारतात, तरी नाव वाचता येतं. त्या नंबराचा फेरफार काढला की कारण कळतं: मयत, खरेदी, वाटणी. तलाठ्यानं नोंद धरायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे, मग मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित करायचं. प्रमाणित होईपर्यंत चर्चा, नंतर चूक निघाली तर नवी नोंद. गिट वापरणाऱ्यांचा रिवाज हाच आहे: कमिट आपल्याच मशीनवर आहे तोवर खुशाल आवरा, टायपिंगच्या चुका आतल्या आत मिटवा, एकदा दुसऱ्यांच्या हातात गेली, त्यांनी त्यावर काम रचलं, की हात लावू नका. प्रत्येक कमिटच्या ओळखक्रमांकात आधीच्या कमिटचा क्रमांक मुरलेला असतो. मागचं एक बदललं की पुढचे सगळे क्रमांक बदलतात.

मी खूश होऊन अब्बांना हे समजावत होतो, आणि बोलता बोलता बोट कंसातल्या दोन नावांवर थांबलं. माझ्या दोन्ही फुफी.

दादांच्या इंतकालानंतरची वारसनोंद: तीन भाऊ, दोन बहिणी. लगेच पुढचा फेरफार: बहिणींनी 'स्वखुशीने' हक्क सोडला. किती स्वच्छ नोंद! तारीख आहे, अंगठे आहेत, कारणसुद्धा आहे. माझ्या 'पावती व अहवाल सुधारणा'पेक्षा कितीतरी चांगली.

धाकट्या फुफींना फोन केला. त्या हसल्या. "बड़े भाई बोले अंगूठा लगा, मैं लगाई. उसमें क्या लिख्याय, मेरेकू क्या मालूम बाबा?"

बड़े भाई म्हणजे अब्बा. ते समोरच बसले होते, फोन स्पीकरवर होता.

काट्याचं काम मी असं निपटलं: चूक दुरुस्त केली, आणि त्या कमिटचा मजकूर पानभर लिहिला. काय चुकलं, कोणाच्या हातून, कुठल्या तारखेपासून, कुठल्या पावत्यांवर परिणाम झाला. काट्याची मूळ नोंद वेगळी साठलेली होती, म्हणून प्रत्येकाचा फरक काढता आला. मालकानं ती यादी काट्याच्या खिडकीशेजारी चिकटवली. दोन-तीन लोकांनी तरीही ऐकवलंच. मी ऐकून घेतलं.

अब्बा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर वही-पेन घेऊन बसले आणि मला हिस्से मांडायला सांगितले. दादी आधीच गेल्या होत्या. भावाला दोन, बहिणीला एक. तीन भाऊ आणि दोन बहिणींचे मिळून आठ हिस्से. चार एकरांत एकेका बहिणीला वीस गुंठे.

त्यांनी विचारलं, जुना फेरफार रद्द होऊन तो कागद निघून जाईल का. म्हटलं, नाही अब्बा, तो तिथंच राहील. नवा त्याच्या पुढं लागेल.

त्यांनी मान हलवली. दोन्ही चाचांना अजून विचारायचंय.